बिवलकरांच्या बाटलीतला मासा

दिगंबर बिवलकर सव्वीस वर्षं कलकत्त्यात राहिले आणि त्यांनी एकदाही मासा खाल्ला नाही. सांगायला सोपं आहे. पण कलकत्त्यात मासा टाळणं म्हणजे पुण्यात सल्ला टाळण्यासारखं. लग्नात मासा, बारशात मासा, बढती मिळाली म्हणून मासा, बदली झाली म्हणून मासा. बंगाली माणसाच्या लेखी मासा मांसाहारात मोडतच नाही. ती पाण्यात पिकणारी एक भाजी आहे. "मांस नाही हो बिवलकरबाबू, नुसता मासाच तर आहे," असं म्हणत यजमान हट्टाला पेटत आणि बिवलकर ताटावर पालथा पंजा धरून बसत. मग मैद्याच्या लुची-पुऱ्या, वांग्याची कापं आणि टोमॅटोची चटणी एवढ्यावर परक्याचं लग्न साजरं करून ताठ मानेनं, अर्धपोटी घरी येत.

या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते लपवत नसत. सरकारी चाचणी प्रयोगशाळेत ते मोठे अधिकारी होते. सरकार विकत घेईल तो रंग, सिमेंट, दोरखंड, गादीतला काथ्या त्यांच्या टेबलावरून जाई आणि ते त्यावर पास किंवा नापास असा शेरा मारत. बहुतेक वेळा नापासच. भेसळ त्यांना वासावरून कळे. स्वतःच्या पोटातही भेसळ नाही, असं ते म्हणत.

बायको प्रेमलता जन्मानंच कलकत्त्याची. वडील भवानीपूरला शाळेत शिकवायचे. शाळकरी वयात तिनं मैत्रिणींच्या घरी मासे चांगले चापून खाल्ले होते आणि लग्न ठरताना तसं सांगूनही टाकलं होतं. "आता खाणार नाही," ती म्हणाली होती, "पण काटे काढता येतात, हे लपवणार नाही." बिवलकरांनी तिला मोठ्या मनानं माफ केलं होतं. त्या माफीचा उल्लेख ते दर वर्षी एकदोनदा करत.

मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती. नवराबायको कलकत्त्याच्या बेहाला भागात घोषाल नावाच्या कुटुंबाच्या घरात वरच्या मजल्यावर राहायची.

बहात्तर साली बिवलकरांना तहान लागायला लागली. माठ पुरेना. विजार कमरेवरून घसरायला लागली. त्यांनी आधी धोब्याला दोष दिला. मग पाठीवर काळपुळी झाली आणि गल्लीतल्या डॉक्टर सान्यालांनी लघवी तपासून सांगितलं, "बिवलकरबाबू, तुम्ही रसगुल्ला झाला आहात. फक्त गोल व्हायचे राहिलात."

डॉक्टर सान्याल हे असे होते. स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसत, मग पेशंट हसतो का ते बघत. बिवलकरांशी ते इंग्रजीत बोलत, प्रेमलताबाईंशी बंगालीत. डॉक्टर म्हणून मात्र पक्के. गोळ्यांनी भागेना तेव्हा त्यांनी साधं इन्सुलिन सुरू केलं. दिवसातून तीनदा. सुई बघितली की बिवलकरांना घेरी येई, म्हणून टोचायचं काम प्रेमलताबाईंकडे आलं. काचेची सिरिंज पातेल्यात उकळायची, दंडावर स्पिरिट चोळायचं आणि नवऱ्याला भिंतीकडे बघायला सांगायचं. दुपारच्या इंजेक्शनाला त्या ट्रामनं आलीपूरला प्रयोगशाळेत जात आणि केबिनचं दार लावून घेत. यावरून ऑफिसात काय काय बोललं गेलं ते बिवलकरांच्या कानावर आलं नाही, हे एक बरं.

काळपुळी बरी झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता हे तीन तीन वेळचं पुरे. लांब पल्ल्याचं इन्सुलिन देतो. सकाळी एकदा टोचलं की दिवसरात्र काम करतं. पी.झेड.आय. म्हणतात."

बिवलकर खूश झाले. दिवसातून एकच सुई. सकाळी ते स्वतः परीक्षानळीत निळं द्रावण घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळत. निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं झालं तर थोडी, पिवळं, नारिंगी, विटकरी म्हणजे चढती भाजणी. हे काम त्यांना फार आवडे. नळी उजेडात धरून ते रंग असा बघत की जणू लघवी सरकार विकत घेणार आहे.

इन्सुलिनची बाटली थंड ठेवावी लागते आणि बिवलकरांकडे फ्रिज नव्हता. खालच्या घोषालांकडे होता. घोषालांच्या फ्रिजमध्ये मात्र बाराही महिने रुई, कातला असले मासे आणि कोळंबी यांचा मुक्काम. वीज गेली की त्या पेटीतून असा दर्प यायचा की बिवलकर जिन्यावर नाकाला रुमाल लावत. तेव्हा त्यांनी बाटली एका डब्यात, तो डबा दुसऱ्या डब्यात आणि वर तुळशीचं पान अशी व्यवस्था केली. "औषधाला माशाचा वास लागता कामा नये," असं त्यांनी प्रेमलताबाईंमार्फत घोषालवहिनींना बजावलं. प्रेमलताबाईंनी निरोप देताना तो बराच सौम्य केला.

काही आठवडे बरे गेले. मग एका पहाटे प्रेमलताबाईंना स्वयंपाकघरात खडखड ऐकू आली. जाऊन बघतात तो बिवलकर उभे. बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. हातात पोळपाट, तो खिडकीकडे तिरपा धरलेला.

"नापास," ते म्हणाले.

"अहो, काय करताय?"

"पाय लंगडा आहे. परत पाठवा." त्यांनी पोळपाट ठेवून किटली उचलली. "नापास. गळती." मग ते देव्हाऱ्यापाशी गेले, वाकून गणपतीकडे बघितलं आणि मान हलवली. "सोंड प्रमाणाबाहेर. नापास."

"अहो!"

बिवलकर वळले. बायकोकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं, जसं गोदामात आलेल्या पोत्याकडे बघतात. "हा माल कधीचा आहे?"

प्रेमलताबाईंना डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की साखर फार उतरली तर माणूस भलतंसलतं बोलतो. त्यांनी फुलपात्रात मूठभर साखर विरघळवली, नवऱ्याला भिंतीशी टेकवलं, नाक दाबलं आणि तोंड उघडल्याबरोबर पाणी ओतलं. थोड्या वेळानं बिवलकर डोळे चोळत म्हणाले, "मी इथं कसा?"

"तपासणीला आला होतात."

"कसली?"

"घराची. सगळं नापास झालं. गणपतीसुद्धा."

बिवलकरांना हे पटलं नाही. आपण गणपतीला नापास करणं शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. पण पुढं असं आणखी काही पहाटांना झालं. एकदा तर घोषालांची मांजर नापास झाली, तीही तिच्या तोंडावर. तेव्हा दोघं डॉक्टर सान्यालांकडे गेली.

डॉक्टरांनी सगळं ऐकलं, मांजराच्या भागाला पोट धरून हसले आणि मग गंभीर झाले. "हे पी.झेड.आय. म्हणजे आळशी घोडं आहे. सकाळी टोचलं की दिवसभर रमतगमत चालतं आणि पहाटे, तुम्ही उपाशीपोटी झोपलेले असताना, चौखूर उधळतं. बदलायला हवं. दुसरी दोन आहेत. एन.पी.एच. आणि लेंटे. दोन्ही सकाळीच घ्यायची. दोन्हींचा जोर दुपारी उशिरा, चार-पाचच्या सुमाराला. पहाटेपर्यंत ती दमलेली असतात."

"दोन्हींत फरक काय?" बिवलकरांनी विचारलं. माल समोर आला की घटक विचारणं हा त्यांचा धर्मच होता.

"वेळेत फारसा नाही. बनवण्यात आहे. साधं इन्सुलिन काही तासांत संपतं. त्याला रेंगाळायला लावायचं तर एक चिकट जोडीदार लागतो. तो जोडीदार प्रोटामीन. एन.पी.एच.मध्ये तो थोडा असतो, पी.झेड.आय.मध्ये भरपूर. त्यातला पी म्हणजे तोच. लेंटेत प्रोटामीन नाही, फक्त जस्ताची करामत."

"आणि प्रोटामीन कशापासून काढतात?"

डॉक्टर क्षणभर थांबले. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू त्यांना पुत्ररत्न झालं. त्यांनी एक इंग्रजी शब्द उच्चारला. तो बिवलकरांना कळला नाही. डॉक्टरांनी तोच प्रेमलताबाईंना बंगालीत समजावला. प्रेमलताबाईंनी पदर सावरला.

"काय म्हणतात ते?"

"माशापासून काढतात म्हणतात."

बिवलकर खुर्चीत ताठ झाले. "माशाच्या कशापासून? तेलापासून?"

"तेल नव्हे."

"मग?"

"नर माशाच्या," प्रेमलताबाई घसा साफ करून म्हणाल्या, "ते हो. ज्यानं पिल्लं होतात ते."

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. डॉक्टर सान्यालांनी हात पुढं केला. "अभिनंदन, बिवलकरबाबू. सात महिने तुम्ही आमच्यातलेच आहात. आणि आम्ही तर नुसता मासा खातो."

बिवलकरांनी तो हात घेतला नाही. "मला ते दुसरं द्या. जस्ताचं. ज्यात प्राणी नाही."

इथं एखादा शहाणा डॉक्टर गप्प बसला असता. पण सान्याल प्रामाणिक होते. "माशाचं काही नाही त्यात, हे खरं. पण इन्सुलिन ते इन्सुलिनच. ते गायीच्या स्वादुपिंडातून काढतात. कधी डुकराच्या. तिन्हीत तेच. आधीच्या साध्यातही तेच होतं."

बिवलकर उठले आणि छत्री विसरून घरी आले.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की याचा छडा लागेपर्यंत आपण कुठलंच इन्सुलिन घेणार नाही.

"इतके दिवस तुम्हाला काय वाटत होतं, झाडाला लागतं?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"मला ते रसायन वाटलं होतं."

"काथ्याची एक काडी आणली तरी विचारता, कुठल्या नारळाची. आणि हे रोज अंगात घेताना विचारलं नाहीत?"

बिवलकर पेपर उघडून बसले.

पहिल्या दिवशी नळी हिरवी आली. बिवलकरांनी ती बायकोला विजयानं दाखवली. "बघ. काही होत नाही." पी.झेड.आय.चं आळशी घोडं अजून त्यांच्या अंगात रेंगाळत होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी नारिंगी. तिसऱ्या दिवशी विटकरी, आणि बिवलकर माठाशेजारी पाट टाकून बसले. जीभ कोरडी, डोळे खोल. ऑफिसला जायची ताकद नव्हती. तरी गाय आणि मासा यांत अधिक वाईट काय, हा विचार चालू होता.

प्रेमलताबाई दारात उभ्या राहिल्या. "एक सांगून ठेवते. तुम्ही गेलात तर तेराव्याला मी सगळ्या बेहाल्याला इलिश मासा घालीन. मोहरीतला. प्रत्येकाला दोन तुकडे."

"तू असं करणार नाहीस."

"मेल्यावर येऊन बघा. पिंडाला कावळा नाही शिवला तर मांजर शिवेल."

बिवलकरांनी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती. मग ते म्हणाले, "गुरुजींना विचारू. ते सांगतील ते मला मान्य."

श्यामरावगुरुजी भवानीपूरला राहत. कलकत्त्यातल्या मराठी घरांच्या मुंजी, लग्नं, श्राद्धं, सत्यनारायण सगळं त्यांच्याकडे. त्याच संध्याकाळी ते आले, पाटावर बसले आणि हकिकत ऐकता ऐकता त्यांनी चहाचे दोन कप संपवले. "हे तोंडानं घेता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. दंडात. कधी मांडीत."

"चव कळते?"

"दुखतं फक्त."

"मग ते भोजन नव्हे. प्रायश्चित्ताकडेच झुकतं." गुरुजींनी मिशी पुसली. "आणि नाही घेतलं तर?"

"तर हे जातील," प्रेमलताबाई आतून म्हणाल्या.

"मग आपद्धर्म. आपद्धर्मात सगळं चालतं."

"पण आपद्धर्म किती दिवस चालतो?" बिवलकरांनी विचारलं.

"आपदा असेपर्यंत."

"ही तर मरेपर्यंत आहे."

"मग मरेपर्यंत."

बिवलकर अस्वस्थ झाले. इतकी सूट त्यांना नको होती. "पण गुरुजी, दोन्हींतलं कुठलं? एकात मासा आणि गाय, दुसऱ्यात नुसती गाय."

"दोन्ही चालतात म्हटल्यावर मला कशाला विचारता? पंचांगात इन्सुलिन नाही हो. तुम्हाला सोसेल ते घ्या." गुरुजी उठले. जिन्यावर त्यांनी प्रेमलताबाईंना हळूच विचारलं, "इलिशचं ते खरं होतं का?"

"हो."

"मग घेतील ते," गुरुजी म्हणाले आणि ट्राम पकडायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघं डॉक्टर सान्यालांकडे गेली. डॉक्टरांनी आधी साध्या इन्सुलिनची सुई टोचून बिवलकरांना माणसात आणलं. मग म्हणाले, "धर्माचा निकाल लागला ना? आता वैद्यकाचं बोलू. एन.पी.एच. राहू दे. तुम्हाला मासा नको, तर त्याच वेळेचं लेंटे आहे. म्हणजे निवड दोनच गोष्टींत. पी.झेड.आय. की लेंटे. पी.झेड.आय. ठेवायचं तर थोडं कमी करून बघता येईल, पण ते पहाटे दगा देणारच. लेंटेनं साखर उतरलीच तर ती दुपारी चारला, म्हणजे तुम्ही ऑफिसात असताना. माझा कौल लेंटेला. पण जगायचं तुम्हाला आहे."

बिवलकरांनी विचार केला. दुपारी चार. म्हणजे सगळा विभाग हजर असतो. टंकलेखक, साहाय्यक, डायरेक्टर मित्रसाहेब. त्या सगळ्यांसमोर आपण घामाघूम होऊन पंख्याला नापास करतो आहोत, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं आणि सव्वीस वर्षांचा मासा एकदम लहान वाटायला लागला.

"पी.झेड.आय.च राहू द्या," ते म्हणाले.

डॉक्टरांचा चष्मा खाली घसरला. "मासा?"

"गुरुजींनी आपद्धर्म सांगितला आहे. पहाटे काय व्हायचं ते घरात होतं. कोणी बघत नाही."

"कोणी बघत नाही?" प्रेमलताबाई मराठीत म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नव्हता. बिवलकरांनी मान वळवली.

"मी कोण आहे मग? पोळपाट?"

"अगं, तसं नाही. परकं कोणी बघत नाही असं म्हणायचंय मला."

"तुम्हाला किती पहाटा आठवतात? ज्या दिवशी तुम्ही उठून धिंगाणा घातलात तेवढ्याच. मी रोज चारला उठते. तुमच्या कपाळाला हात लावून बघते. कोरडं असलं तर पडून राहते, झोप काही येत नाही. ओलं असलं तर साखरेचं पाणी पाजते. तुम्ही अर्धवट झोपेत पिता आणि घोरायला लागता. मी फुलपात्र विसळते."

"रोज?"

"रोज. पहिल्यांदा तुम्ही गणपतीला नापास केलंत, त्या दिवसापासून."

"मला कधी कळलं नाही."

"कळायला शुद्धीवर असावं लागतं."

डॉक्टर सान्याल आळीपाळीनं दोघांकडे बघत होते. त्यांना एक अक्षर समजत नव्हतं, आणि पहिल्यांदाच ते हसत नव्हते.

"पण ऑफिसात," बिवलकर खालच्या आवाजात म्हणाले, "माझी तिथं काही पत आहे."

"ऑफिसात पन्नास माणसं आहेत. पंखे आहेत. फोन आहे. डायरेक्टर आहे. घरी मी एकटी आहे. तीन दिवस तुम्ही माशासाठी जीव द्यायला निघाला होतात. आणि आता चार कारकुनांनी बघू नये म्हणून मासा चालतो? मला माशाचं काही नाही, गायीचंही नाही. मला झोप हवी आहे हो."

शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज फाटला. त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि भिंतीवरच्या औषधकंपनीच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

बिवलकरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. डोळ्यांखाली काळं होतं. गालाची हाडं वर आली होती. हे कधी झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. काथ्याच्या काडीतली भेसळ ओळखणाऱ्या माणसानं सात महिन्यांत शेजारच्या उशीवर बघितलं नव्हतं.

"काय ठरलं?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

बिवलकर म्हणाले, "लेंटे."

लेंटे सुरू झालं. डॉक्टरांची ताकीद होती की साडेतीनला काहीतरी खायचंच. प्रेमलताबाई डब्यात बिस्किटं आणि केळं देऊ लागल्या. शिवाय बिवलकरांना न सांगता एके दिवशी ट्रामनं ऑफिसात गेल्या आणि केबिनबाहेरच्या टेबलावरच्या मजुमदारबाबूंना बंगालीत सगळं समजावून आल्या. "ऐकलं नाहीत तर नाक दाबायचं," त्या म्हणाल्या. मजुमदार थोडे दचकले, पण त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्याच आठवड्यात मित्रसाहेबांनी साडेतीनला बैठक बोलावली. सरकारी छत्र्यांचा मोठा माल आला होता आणि तो घ्यायचा की नाही हे ठरायचं होतं. डायरेक्टरांसमोर केळं सोलणं बिवलकरांना प्रशस्त वाटेना. बैठक लांबली. चार वाजून गेले. बिवलकर छत्रीच्या काड्यांबद्दल बोलता बोलता थांबले, कपाळावर घाम आला आणि त्यांनी समोरची छत्री मिटवून टेबलावर ठेवली.

"नापास," ते म्हणाले.

"मान्य," मित्रसाहेब म्हणाले.

"टेबल नापास. वाळवी." बिवलकर उभे राहिले. "पंखा नापास." मग ते मित्रसाहेबांच्या खुर्चीला वळसा घालून त्यांच्या मागं गेले आणि साहेबांच्या टकलावर बोटानं दोनदा टिचकी मारली, कान जवळ नेला, ऐकलं. "पोकळ. नापास."

मजुमदार उठले. त्यांनी साहेबांचाच चहाचा कप ओढला, त्यात साखरदाणी उपडी केली, बिवलकरांना खुर्चीत दाबलं आणि बाईंनी सांगितल्याप्रमाणे नाक धरलं. अर्धा चहा शर्टावर गेला, अर्धा आत.

बिवलकर भानावर आले तेव्हा सगळे गोल करून उभे होते. कोणी वारा घालत होतं, छत्रीनंच.

"मी काही बोललो का?"

"तुम्ही मला नापास केलंत," मित्रसाहेब म्हणाले.

बिवलकरांच्या तोंडचं पाणी पळालं. "कशाबद्दल, सर?"

"पोकळ म्हणून."

"सर, नमुना पुन्हा तपासता येईल."

मित्रसाहेबांनी टकलावरून हात फिरवला. "राहू द्या. घरी निकाल हाच लागलेला आहे."

आधी मजुमदार हसले, मग सगळी खोली. शेवटी बिवलकरही हसले, ओला शर्ट अंगापासून दूर धरून. त्यांची पत त्या दिवशी गेली ती परत आली नाही. पण तिच्याशिवाय काही अडतही नाही, असं त्यांना पुढच्या काही दिवसांत दिसून आलं. साडेतीन वाजले की मजुमदार मुरमुऱ्यांचा कागदी पुडा घेऊन त्यांच्या टेबलाशी येत. मग आणखी दोघं येत. कोणी खोबऱ्याचे तुकडे, कोणी काकडी. सव्वीस वर्षांत बिवलकरांनी या माणसांबरोबर कधी बसून खाल्लं नव्हतं, कारण त्यांच्या डब्यात काय असेल याचा नेम नव्हता. आता कुणाची बायको किती भांडते, कुणाच्या मुलीचं कुठं जमतंय, हे त्यांना कळायला लागलं. त्या हिवाळ्यात मजुमदारांच्या मुलीच्या लग्नात यजमान नेहमीप्रमाणे माशाचं ताट घेऊन आले, तेव्हा बिवलकरांनी हात आडवा केला आणि म्हणाले, "नको. सात महिने रोज घेतला. आता सोडलाय."

दंडातल्या गायीबद्दल ते फारसं बोलत नसत. सकाळी सुई टोचून झाली की डोळे मिटून हात जोडत, एवढंच. कुणाला ते त्यांनी सांगितलं नाही आणि प्रेमलताबाईंनी विचारलं नाही.

प्रेमलताबाईंना मात्र लेंटे सुरू झाल्यावरही चारला जाग येतच राहिली. हात आपोआप शेजारी जाई. कपाळ कोरडं असे. त्या परत पडत आणि छताकडे बघत राहत. "आता गरज नाही," बिवलकर म्हणत. "माहीत आहे," त्या म्हणत. "हाताला माहीत नाही."

मग जानेवारीतल्या एका रविवारी बिवलकर जागे झाले तेव्हा खिडकीत ऊन आलं होतं. शेजारी प्रेमलताबाई पालथ्या पडून झोपल्या होत्या, तोंड उघडं, एक पाय पांघरुणाबाहेर. चक्क घोरत होत्या. बिवलकर काही वेळ ऐकत बसले. मग पाय न वाजवता उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन स्टोव्ह कसा पेटवतात याचा विचार करू लागले.

थोड्या वेळानं दार वाजलं. घोषालवहिनी होत्या, केस विस्कटलेले. वरच्या मजल्यावर एवढ्या उशिरापर्यंत भांड्याचा आवाज नाही, असं कधी झालं नव्हतं. कोणी गेलं-बिलं की काय, अशा चेहऱ्यानं त्यांनी आत डोकावलं.

बिवलकरांनी ओठांवर बोट ठेवलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत, जमेल तितक्या हळू आवाजात, त्यांनी सांगितलं की ती झोपली आहे.

"बरं नाही का?"

"छान आहे," बिवलकर म्हणाले, आणि स्टोव्हला पिन आधी मारायची की हवा आधी भरायची, ते त्यांनाच विचारलं.